काठीचं दुसरं टोक

हर्षदाने बॅट आणून माझ्या टेबलावर ठेवली, ती नेमकी वर्तमानपत्रांच्या चळतीवर. चळत घसरली आणि अर्धे कागद खाली सांडले.

"सर, मला टीममधून काढा," ती म्हणाली.

मी पुस्तकांच्या पाठीवर नवे क्रमांक चिकटवत होतो. दोन्ही हात डिंकाने बरबटलेले. "काढा म्हणजे?"

"म्हणजे काढा. शाहीनच्या बहिणीला घ्या माझ्या जागी. तिची बॅट निदान चेंडूला लागते."

दारात शाहीन उभी होती. ती आमची कॅचर. पिचरने टाकलेला चेंडू फलंदाजाला चुकवून आला की तो धरायचा, हे तिचं काम. "सर, ऐकू नका हिचं," ती म्हणाली. "माझी बहीण बॅट धरते ती लाटण्यासारखी. तिला घेतलं तर जळगावचे लोक आपल्याला पोळ्या लाटायला बसवतील."

हर्षदा हसली नाही. एरवी शाहीनने तोंड उघडलं की ती आधीच हसायला लागायची. ती खाली बसली, सांडलेले कागद गोळा करून पुन्हा नीट रचले, आणि बॅट तिथेच ठेवून निघून गेली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आमची मुलींची शाळा रावेरकडच्या केळीच्या पट्ट्यात, तालुक्याच्या बाजारपेठेजवळ. मी तिथे ग्रंथपाल होतो. मुलींना मोठ्याने रागावायचं म्हटलं तरी मला आधी घसा खाकरावा लागे, आणि तोवर त्या पळून गेलेल्या असत. त्या वर्षी खेळाच्या खाचणे मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, आणि मुख्याध्यापिका बोंडे बाईंनी सॉफ्टबॉलची टीम माझ्या गळ्यात घातली.

"बाई, मला चेंडू झेलतासुद्धा येत नाही," मी म्हणालो होतो.

"झेलायला कोण सांगतंय, पोतनीस? मुलींना न्यायचं आणि आणायचं. शिवाय तुम्ही वाचता ना? मग खेळाचं पुस्तक वाचा."

मी खरोखरच वाचलं. वाचनाशिवाय दुसरं काही करता येत नाही अशा माणसाने आणखी काय करावं? नियमांचं वाचलं, मग शिकवण्याचं वाचलं. बॅट कशी धरायची, पाय किती फाकवायचे, खांदा कधी वळवायचा. शाळा सुटल्यावर मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून मी पुस्तक मांडीवर घेई. मुली खेळत, आणि मी आधी पानाकडे, मग त्यांच्या पायांकडे बघे.

हर्षदा फेगडे बारावीत होती. आदल्या वर्षी ती राज्याच्या संघातून खेळून आली होती. तिने मारलेला चेंडू मैदानाचं तारेचं कुंपण ओलांडून पलीकडच्या कपाशीत पडायचा, आणि तो शोधायला धाकट्या मुली ओरडत पळायच्या. या वर्षी पुन्हा राज्य संघात आली तर पुण्याच्या एका कॉलेजात खेळाडू म्हणून जागा मिळणार होती, राहण्याजेवणासकट. खाचणे मॅडमनी रजेवर जाण्याआधी सगळी बोलणी करून ठेवली होती. अट एकच, जळगावच्या जिल्हा स्पर्धेत निवड समितीच्या नजरेत भरायचं.

आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर तिची बॅट हवेत फिरू लागली.

चेंडू येई, ती बॅट फिरवी, चेंडू शाहीनच्या हातमोज्यात जाऊन पडलेला असे. पहिल्या दिवशी मुली हसल्या. चौथ्या दिवशी हसणं बंद झालं. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. मयुरी नावाची आमची पिचर एक दिवस डब्यातून मीठमिरची घेऊन आली आणि तिने मैदानातच हर्षदावरून उतरवली. मी पुस्तक उघडून बसलो.

"चेंडू शेवटपर्यंत बघायचा, हर्षदा. पिचरच्या हातातून सुटल्यापासून बॅटला लागेपर्यंत. पुस्तकात तसं म्हटलंय."

"बघते ना, सर."

"मग?"

"कधी दोन दिसतात," ती म्हणाली.

"दोन्ही मार मग," शाहीन मागून म्हणाली. मीही हसलो. मला वाटलं, थट्टा चाललीय.

मग एक आठवडा असा आला की ती पुन्हा मारायला लागली. मी तिला डावा पाय थोडा पुढे टाकायला सांगितलं होतं. चेंडू कपाशीत जाऊ लागले. मी त्या आठवड्यात जरा ताठ चाललो असेन. शिपाई कडू मला म्हणाला, "सर, तुम्ही तर कोच झाले." मी नको नको म्हणालो, पण घरी जाऊन ते प्रकरण पुन्हा वाचलं.

पुढच्या सोमवारी सगळं मुसळ केरात. डावा पाय पुढे, खांदा वळलेला, सगळं पुस्तकाबरहुकूम. आणि बॅट हवेत. त्याच आठवड्याच्या शेवटी तिने बॅट माझ्या टेबलावर आणून ठेवली.

रात्री मी ती बॅट घरी नेली. घर म्हणजे भाड्याची एक खोली. बायको गेल्यापासून माझी झोप गेली होती. पहाटेपर्यंत वाचत बसायचं आणि कोंबडा आरवला की डोळ्यावर पाणी मारायचं, हाच क्रम. वाचता वाचता मला तिचं ते बोलणं आठवलं, कधी दोन दिसतात. मी चष्मा काढून पुसला आणि स्वतःच्या मूर्खपणाची लाज वाटली. पोरीला चष्मा लागला असणार! इतकं साधं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला बोलावून सांगितलं. "घाबरायचं काही नाही. बुधवारी डोळ्यांचे डॉक्टर येतात बाजारपेठेत. मी तुला घेऊन जातो. नंबर निघाला की झालं."

तिचा चेहरा एकदम पांढरा पडला.

"माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही," ती म्हणाली.

"अगं, मलाही लहानपणापासून..."

"काही झालेलं नाही म्हटलं ना! तुम्हाला कुणी सांगितलं? शाहीनने?" एवढं बोलून ती गेली. दोन दिवस शाळेतच आली नाही.

आपलं काहीतरी चुकलं, एवढं मला कळलं. काय ते कळेना. रविवारी संध्याकाळी मी त्यांच्या गावाची, आंदलखेड्याची गाडी धरली. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून एक कादंबरी बरोबर घेतली. वाटेत तीनदा वाटलं, परत फिरावं.

घर गावाच्या शेवटी होतं. मागे लगेच केळीचे बाग सुरू होत. दिवस मावळला होता आणि गावात वीज नव्हती. ओट्यावर हर्षदाचे वडील लीलाधर फेगडे बाजेवर बसले होते.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"मी पोतनीस. शाळेतला."

"या, या सर!" ते हसून म्हणाले, पण बोलले ते माझ्या उजवीकडच्या खांबाशी. "हर्षे, सर आले. मायले चहा ठेवाले सांग."

हर्षदा दारात आली. तिने मला पाहिलं आणि तशीच आत गेली. आतून तिच्या आईचा खोकला ऐकू येत होता, दम्याचा, शिट्टी वाजणारा. थोड्या वेळाने हर्षदाने चहा आणला. लीलाधरांनी हात पुढे केला तो कपाच्या वीतभर अलीकडे. कप खाली जाणार तोच तिने अलगद तो त्यांच्या बोटांत दिला. इतक्या सहज, की मी पाहत नसतो तर मला काही झाल्याचं कळलंही नसतं. मैदानावर मी तिचे अनेक झेल पाहिले होते. हा वेगळा होता.

मी नजर वळवली. कोपऱ्यात बांबूची एक काठी उभी होती. वापरून वापरून ती गुळगुळीत झाली होती, पण दोन्ही टोकांना. मधला बांबू खरखरीत. काठी एका टोकाला धरतात, असं माझं ज्ञान. मी तिच्याकडे बघत राहिलो.

"बसा ना, सर," लीलाधर म्हणाले. मी बसलेलोच होतो.

परतीच्या गाडीपर्यंत हर्षदा टॉर्च घेऊन सोडायला आली. वाटेत तीच म्हणाली, "पाहिलं ना तुम्ही?"

"पाहिलं."

"दिवस मावळला की आबांना दिसत नाही. आधी सायकलवरून पडले, तर म्हणाले कुत्रं आडवं आलं. मग विहिरीच्या काठाला अडखळले. तेव्हा मी पकडलं. मला आणि आईलाच माहीत आहे."

"डॉक्टर?"

"जळगावला दाखवलं. यावर औषध नाही म्हणाले. आबांच्या आजोबांनाही होतं म्हणे. घराण्यात असतं." तिने टॉर्च खाली वळवला. "सर, चेंडू मयुरीच्या हातातून सुटतो तो मला दिसतो. मग एकदम शाहीनच्या ग्लोव्हमध्ये दिसतो. मधला दिसतच नाही. कधी दोन दिसतात. तुम्ही डोळ्यांचं म्हणालात, आणि मला वाटलं, बाहेरूनही कळायला लागलं."

मला काही सुचलं नाही. सुचतं तर मी ग्रंथपाल कशाला झालो असतो? गाडी आली. चढता चढता मी म्हणालो, "बुधवारी चल. मी बाहेर बसेन. कुणाला सांगणार नाही."

बुधवारी ती आली. डॉक्टरांनी औषध घालून तिला अर्धा तास डोळे मिटून बसवलं. त्या अर्ध्या तासात ती बाकावर बसल्या बसल्या झोपली. डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. नंबर आला म्हणून मी हाक मारली तर उठेना. शेवटी कंपाउंडरने हलवलं.

डॉक्टरांनी बराच वेळ बॅटरीचा उजेड पाडून पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवली.

"पडदा स्वच्छ आहे. घराण्यात आहे म्हणता, तर वर्षातून एकदा दाखवत जा. पण आज हिच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मी बाप वाटलो असणार. "ही झोपते केव्हा?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती स्वतःच्या बाहीकडे बघत होती. बाहीवर काळपट डाग होते. केळीच्या चिकाचे. ते डाग मी वर्षभर पाहत आलो होतो आणि मला वाटे, पोरीला कपडे धुवायचा कंटाळा असेल.

"लाइट रात्रीची असली की नाही झोपत," ती म्हणाली.

शेतीची वीज एक आठवडा दिवसा मिळे, एक आठवडा रात्री. रात्रीची असली की बारं द्यायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, रात्रीच जावं लागे. पंप सुरू करायचा, पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचं, पहाटे वीज जाईपर्यंत. लीलाधरांना सगळं येत होतं, फक्त दिसत नव्हतं. म्हणून काठीचं एक टोक त्यांच्या हातात आणि दुसरं टोक धरून ही पुढे. मोठ्या बहिणीचं लग्न दिवाळीआधी झालं, तोवर दोघी आळीपाळीने जात. आता ही एकटी. सकाळी अंघोळ करून पहिल्या गाडीने शाळा.

गावातल्या प्रत्येक माणसाला विजेचं वेळापत्रक तोंडपाठ होतं. आम्ही शाळेतली माणसं मात्र मीठमिरची उतरवत होतो.

"म्हणजे त्या मधल्या आठवड्यात तू मारत होतीस..." मी म्हणालो.

"लाइट दिवसाची होती."

"डाव्या पायाने काही झालं नव्हतं?"

तिने जरा विचार केला. "नाही, सर," ती म्हणाली. मग माझी दया आली असावी. "पण तुम्ही वाचून दाखवायचे ते ऐकायला बरं वाटायचं."

जिल्हा स्पर्धेचा आठवडा रात्रीच्या विजेचा होता. मी विचारलं, मजूर लावता येणार नाही का. ती म्हणाली, मग गावभर होईल. काका? शेजारचं शेत काकांचंच. ती लगेच म्हणाली, "काका वाईट नाहीत. काका म्हणतील, दादा, तू बस ओट्यावर, शेत मी करतो. आणि आबा ओट्यावर बसले की संपले, सर. म्हणून तर म्हणते, मला काढा. पुण्याला जायचं म्हटलं तरी मी जाऊ कशी?"

त्या रात्री मी वाचायला पुस्तक घेतलं आणि एकच पान उघडं ठेवून बसून राहिलो. पहाटे कोंबडा आरवला. आपण इथे उगीच जागे आहोत, असं वाटलं.

स्पर्धेच्या आठवड्यात, सोमवारी संध्याकाळी मी पुन्हा आंदलखेड्याला गेलो. जुने बूट, कानाला मफलर. लीलाधर पंपावर जायच्या तयारीत होते. बोलायचं ते मी गाडीत पाठ केलं होतं, आणि नेहमीप्रमाणे पहिलं वाक्यच विसरलो.

"काठी मी धरतो," एवढंच म्हणालो.

लीलाधरांचा चेहरा ताठ झाला. "हर्षीनं सांगलं?"

"मीच पाहिलं."

"तुमी मास्तर माणूस. चिखलात कुठं येता?"

"मी मास्तर नाही. ग्रंथपाल आहे."

"मंग तं अजूनच नाई."

हर्षदा दारात उभी होती, टॉर्च हातात, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आत तिची आई खोकत होती. मी लीलाधरांना म्हणालो, "स्पर्धा शनिवारी आहे. तोवर हिला झोपू द्या. मला रात्री झोप येतच नाही. तिकडे बसतो तो इकडे बसेन."

"खरंच येत नाई?"

"नाही."

"कामून?"

"गेली ती गेली," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. "भावानं पाह्यलं तं काय सांगू?"

"सांगा, हर्षदाच्या सरांना झोपेचा आजार आहे. हवापालटासाठी येतात."

लीलाधर हसले. तोंडावर हात धरून, खांदे हलवत हसले. मग कोपरा चाचपून काठी घेतली आणि तिचं दुसरं टोक माझ्याकडे केलं. ते हर्षदाच्या हाताने गुळगुळीत झालेलं टोक. तिच्याकडून मी टॉर्च घेतला. मी फाटकापर्यंत जाऊन मागे पाहिलं, तर ती ओट्यावरच्या बाजेवर कलंडली होती, चपला पायातच.

त्या रात्रींविषयी सांगण्यासारखं फार नाही. थंडी होती, आणि गुडघ्यापर्यंत चिखल. मी पुढे चालायचो म्हणून मी रस्ता दाखवायचो असं म्हणणं खोटं ठरेल. टॉर्चच्या उजेडात मला सगळ्या केळी सारख्याच दिसत. लीलाधर मागून सांगत, "आता डावीकडं. इथं बांध फुटेल आहे, पाय उचला," आणि मी पाय उचलायच्या आत पडलेलो असे. एकदा मी पूर्ण वाफ्यात आडवा झालो. वर आलो तर ते काठीचं आपलं टोक घट्ट धरून उभे होते. "सर, तुमाले दिसतं ना?" त्यांनी काळजीने विचारलं.

पाणी एका वाफ्यात भरेपर्यंत बसायला वेळ मिळे. तेव्हा आम्ही बोलत असू. म्हणजे ते बोलत. हर्षदा लहान असताना केळीच्या वाळक्या पानांचा चेंडू करून खेळायची, ते सांगत. ती पुण्याला गेली पाहिजे, असंही म्हणाले. "पण पोरगी विचारते, तुमचं काय. तिले काय सांगू?" मी पाणी कुठवर आलं ते टॉर्चने बघत राहिलो.

शाळेत मी पुस्तकांच्या मागे बसून डुलक्या घेऊ लागलो. बोंडे बाई म्हणाल्या, "पोतनीस, तब्येत बरी नाही का?" मी बरी आहे म्हणालो. मैदानावर हर्षदाची बॅट चेंडूला पुसटशी लागायला लागली होती. लागायची, पण चेंडू बाजूला जायचा. मी तिला डाव्या पायाविषयी काहीही सांगितलं नाही.

शुक्रवारी रात्रीही मी शेतावर होतो. पहाटे वीज गेली, तसा शेतावरून थेट शाळेत आलो, नळावर पाय धुतले आणि मुलींबरोबर टेम्पोत बसलो. हर्षदा समोर बसली होती. तिचा चेहरा भरल्यासारखा दिसत होता, डोळे स्वच्छ. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली बघितलं.

जळगावच्या त्या मैदानाच्या कडेला कडुनिंबाचं झाड होतं. मी त्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलो. पलीकडे टेबलाशी निवड समितीची तीन माणसं. भुसावळकडच्या एका शाळेशी आमचा सामना होता. त्यांची पिचर उंच, हात वाऱ्यासारखा फिरणारा.

हर्षदा पहिल्यांदा बॅट घेऊन उभी राहिली. पहिला चेंडू तिने सोडला. दुसऱ्यावर बॅट फिरवली, चेंडू लागून मागे गेला. तिसरा हवेत उडाला आणि कुणीतरी सहज झेलला. आउट. टेबलामागचा एक माणूस दुसऱ्याच्या कानाशी काही बोलला. हर्षदा परत येताना माझ्याकडे बघत होती. मला मान हलवायची होती, ठीक आहे म्हणायचं होतं. मी बहुतेक चष्मा पुसला.

मग ऊन चढलं. कडुनिंबाची सावली माझ्या पायांवरून वर सरकली. पुन्हा तिची पाळी यायला अजून वेळ होता. मी खुर्चीत ताठ बसलो होतो, एवढं मला नक्की आठवतं.

त्यानंतरचं आठवतं ते म्हणजे कुणीतरी माझा खांदा गदागदा हलवत होतं.

"सर! सर! पाहिलं का?"

मैदान रिकामं होत होतं. मुली ओरडत, धुळीने माखलेल्या, माझ्याभोवती जमल्या होत्या. शाहीनने हेल्मेट उलटं घातलं होतं. "काय मारलं सर तिने! त्या पाण्याच्या टाकीच्या पलीकडे! आणि त्यानंतर पुन्हा एकदा. त्यांची पिचर रडली."

"जिंकलो?" मी विचारलं.

"हरलो," मयुरी म्हणाली. "एका रनने. पण सर, ते वेगळं."

टेबलाकडे भोंग्यावर नावं वाचायला सुरुवात झाली होती. पहिलं नाव दुसऱ्या शाळेच्या मुलीचं, दुसरंही. मग हर्षदा लीलाधर फेगडे. शाहीनने अशी किंकाळी फोडली की भोंगा ऐकू येईना.

हर्षदा मात्र माझ्यासमोर उभी होती. बॅट हातात, छाती अजून धपापत होती.

"पाहिलंत ना, सर?" तिने विचारलं.

"पाहिलं," मी म्हणालो.

मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "आता विभागाचे सामने, मग राज्याचे, आणि मग पुणं. सर, मी गेल्यावर आबांचं काय?"

हा प्रश्न मला बरेच दिवस ठाऊक होता, आणि उत्तरही. फक्त ते मोठ्याने म्हणायचं धाडस होत नव्हतं. मी घसा खाकरला.

"आठवडाआडच तर जायचं. जमेल मला. असंही मला रात्री झोप येत नाही."

"खोटं! साफ खोटं!" शाहीन ओरडली. "आत्ता घोरत होता तुम्ही! एवढं घोरत होता की अंपायरने खेळ थांबवून बघितलं!"

सगळ्या मुली हसल्या. मयुरीने माझ्या घोरण्याची नक्कल केली, आणि ती मला वाटलं त्यापेक्षा पुष्कळच चांगली होती. मी चष्मा शोधू लागलो. तो खुर्चीखाली पडला होता.

हर्षदा हसली नाही. तिने खाली वाकून चष्मा उचलला, आपल्या ओढणीने पुसला आणि माझ्या बोटांत दिला, पडणार नाही असा, नीट. मग तिची नजर माझ्या सदऱ्याच्या बाहीवर गेली. तिथे मनगटापासून कोपरापर्यंत चिकाचा काळा ओघळ उमटला होता.

"लिंबू लावू नका याला, सर," ती म्हणाली. "अजून काळा होतो. आणि धुवत बसू नका. निघत नाही तो."